निएन घोडदळाचे शेषराव

एकतीस वर्षं एस.टी. चालवून शेषराव निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत घरात सगळ्यांना नकोसे झाले. चालता मिक्सर उघडून बसायचे, शेजाऱ्याला स्कूटर कशी उभी करावी ते शिकवायचे. शेवटी दुर्गाबाईंनी लेकीला सांगितलं, "दीक्षा, रविवारी तुह्या बाबाले त्या खेळाले घेऊन जा. मले जरा घर आवरू दे."

दीक्षा अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तिचा खेळ म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं चीनमधलं यादवी युद्ध. टेबलाएवढा नकाशा, त्यावर सोंगट्या म्हणजे फौजा. दक्षिणेतून उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग शहर जिंकून तिथे आपलं राज्य मांडलेलं. उत्तरेत निएन नावाच्या टोळ्या घोड्यांवरून बादशहाच्या सैन्याला सळो की पळो करत होत्या. दोघांची दोस्ती होती, पण नावापुरती.

डाव अमरावतीला मांडला जाई. राजापेठेतले निवृत्त वकील कमलाकांत यांच्या पुतण्याचे क्लासेस आहेत, त्यांची खोली एक रविवार सोडून रिकामी असायची. कमलाकांत ताइपिंग, त्यांची बँकेत नोकरी करणारी सून श्रावणी बादशहाच्या बाजूने, दीक्षा पंच. निएनला माणूस नव्हता.

"काका, माझ्याकडे या. सरकारी फौजेत जागा आहे," श्रावणी म्हणाली.

"एकतीस वर्षं सरकारी गाडी चालवली, पोरी. आता मले बंडच करू दे."

नियम असा, की दोन्ही बंडखोरांनी एकमेकांशी बोलायचं नाही. चिठ्ठी लिहून पंचाकडे द्यायची, ती पुढच्या फेरीत पोचते. वाटेत शत्रू असला तर पोचतच नाही. कमलाकांतांनी पहिलीच चिठ्ठी पाठवली : तुम्हाला 'उत्तरेचे राजे' ही पदवी देण्यात येत आहे, ताबडतोब नानजिंगला यावे. शेषरावांचं उत्तर गेलं : पदवी भेटली, घोड्यायले चारा पाठवा. तोवर श्रावणीने शहराला वेढा घातला होता.

असे तीन डाव हरले. तिसऱ्या डावानंतर कमलाकांत चिडून बोलले, "यांना खेळच कळत नाही. मदतीला आलेच नाहीत."

"कसा येऊ, वकीलसाहेब? चिठ्ठी हाती आली तवा तुमचं शहर पडून राह्यलं होतं."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं तसे शेषराव दीक्षाकडे वळले. मग म्हणाले, "डाव सुरू व्हायच्या आंधी आमी दोघं बोललो, त चालते का?"

"चालते," दीक्षा म्हणाली. "बंदी डाव सुरू झाल्यावर."

पुढच्या डावाआधीच्या बुधवारी ते एकटेच राजापेठेत हजर झाले. कमलाकांत जरा अवघडले, पण त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला.

"मी धारणीच्या रूटवर होतो," शेषराव म्हणाले. "मेळघाटात फोन लागत नव्हता. घाटात रस्ता एका गाडीपुरता, अन् समोरून दुसरी गाडी येणार. मंग आमचं सकाळीच ठरलेलं राहे. मी या वळणावर थांबतो, वीस मिनिटं वाट पाहतो, तू नाही आला त निघतो. निरोपाचं कामच नाही."

कमलाकांतांनी कप खाली ठेवला. "म्हणजे चिठ्ठीची वाटच पाहायची नाही."

"काहून पाहावं?"

दोन तास दोघं कागदावर रेघा मारत बसले. निघताना कमलाकांत हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"कोर्टात याच्याहून जास्त बोलत असान," शेषराव हसले.

रविवारी पाचव्या फेरीत श्रावणीने नेहमीप्रमाणे नदी अडवली. चिठ्ठ्या बंद. ती निवांत झाली आणि सगळी फौज नानजिंगभोवती लावून बसली. सातव्या फेरीत शेषरावांचे घोडे निघाले, पण शहराकडे गेलेच नाहीत. ते थेट तिच्या पाठीमागच्या धान्याच्या कोठारांवर पडले. त्याच फेरीत कमलाकांतांनी शहराचे दरवाजे उघडून हल्ला चढवला.

श्रावणी दीक्षाकडे बघत राहिली. "चिठ्ठी तर गेलीच नाही. यांना कळलं कसं?"

दीक्षाने नुसते खांदे उडवले. श्रावणीला अर्धी फौज मागे न्यावी लागली. अठरावी, शेवटची फेरी संपली तेव्हा नानजिंग उभं होतं.

"खऱ्या इतिहासात ते अठराशे चौसष्टमध्ये पडलं," दीक्षा म्हणाली. "तुमचं राहिलं."

कमलाकांत उठले. शेषरावांचा हात हातात घेऊन हलवतच राहिले, सोडेचनात.

"पुढच्या डावात घोडे मला पाहिजेत," श्रावणी म्हणाली.

शेषरावांनी ते आनंदाने दिले आणि स्वतः नानजिंग घेतलं. बादशहाची फौज कमलाकांतांच्या वाट्याला आली. आता डावाआधीच्या बुधवारी श्रावणी जेवणाच्या सुट्टीत बँकेतूनच शेषरावांना फोन करते. घरून करत नाही, सासरे कान देऊन असतात.