पहिला नंबर

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी भुकूमच्या चौकात भाजी घेत होतो. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी पोहोचलो तेव्हा सतीश खुर्चीतच होता, समोर लॅपटॉप चालू. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. महिना उलटून गेला... मला अजून त्याचा राग येतो.

आम्ही एकाच कंपनीत होतो. तिथली मेल सांभाळणं हे त्याचं काम. तो आला तेव्हा बाहेरून येणारी मेल घ्यायला दोन सर्व्हर होते. डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या यादीत, एकाला दहा नंबर दिलेला, दुसऱ्याला वीस. दोन आहेत म्हणजे काम वाटलं जात असणार, अशा भ्रमात आम्ही. सतीश हसला. "अरे, लहान नंबरवाल्याकडे सगळे आधी जातात. तो उत्तर देईना, तरच दुसऱ्याला विचारतात. एक मरतोय, दुसरा बसून खातोय!" त्याने दोघांनाही दहा केलं. मग मेल कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जाऊ लागली आणि दर सोमवारी मेल तुंबल्याची बोंबाबोंब थांबली. तो म्हणायचा, "बंद पडलेला सर्व्हर परवडला. हो हो म्हणतो आणि पुढे काहीच करत नाही, तो वाईट. त्याच्यापायी दुसऱ्यापर्यंत कोणी पोचतच नाही."

स्वतःच्या घरात मात्र हे त्याला जमलं नाही. आई ताम्हिणीला एकटी, घर सोडायला तयार नाही. तिच्या फोनवर पहिलं बटण सतीशचं, दुसरं धाकट्या दिलीपचं. दिलीपचं पौडला दुकान, म्हणजे सतीशपेक्षा कितीतरी जवळ. पण पाणी शिरो, पाय मुरगळो, आई पहिलंच बटण दाबायची. "आये, दिलपाला लाव की कवातरी," हा म्हणायचा. "त्यो दुकानात आसतुया. तू ये." की हा निघाला, कामावरून तसाच, घाटातल्या धुक्यात. दिलीप वाईट नाही हो. त्याला कोणी बोलावलंच नाही. सतीश वाळत चालला होता, आम्हाला दिसत होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचा, "आईचं जरा मार्गी लागू दे."

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. फ्रिजवर सतीशचा फोन चार्जिंगला लावलेला. तो वाजला आणि वहिनींनी उचलला. आईचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"सतीश, छपार लई गळतंय रं. कवा येतूयास?"

"निघालेत, आत्याबाई."

त्यांनी फोन ठेवला. "त्या विसरतात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "सांगितलं की ऊर बडवून रडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. रोज नव्यानं कसं सांगू?"

"दिलीपला पाठवा."

"जातात ते. तर आत्याबाई म्हणतात, तू कशाला आलास, सतीश निघालाय. शिडी लावू देत नाहीत."

मी म्हटलं, "मग हा फोन वाजू द्या, वहिनी. कोणी उचललं नाही, तर त्या दिलीपला लावतील."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. फोन पदराने पुसला आणि पुन्हा चार्जिंगला लावला.