अख्खी लिंबं

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी, अप्पांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमाक्काच्या सायकलला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आरती केली आणि लगेच दोन्ही चाकांची हवा सोडली. इतक्या वर्षांनी, यंदा व्हाइटफील्डच्या आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याची नवी गिअरची सायकल लिंबू चिरडत निघाली. त्या आंबट वासाने बसवनगुडीच्या जुन्या घराचं ते अंगण समोर आलं.

लिंबांवरून पहिली फेरी मालकाची असते. अक्काला लालबागेपर्यंत जायचं होतं.

“पूजा केलीत ना, अप्पा? मग हवा का काढली?”

“दुपारी मुलाकडचे येतायत. घामाघूम होऊन समोर बसणार? सायकल आता यशवंतपूरच्या भाच्याला.”

“माझी आहे ती.”

“कालपर्यंत होती.”

अक्का तडक कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात पंप मागायला गेली. मी मागोमाग. दुकानदाराने पंपालाही कुंकू लावून हार घातला होता.

“पूजा झालेल्या अवजाराला आज हात लावत नाहीत, अक्का. उद्या या.”

“सगळ्यांचे देव नेमके आजच जागे,” अक्का म्हणाली आणि वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या भाच्याने सायकल उचलून टेम्पोत ठेवली. दोन्ही लिंबं फरशीवर अख्खी होती.