समजलं नाही म्हणायची सोय नव्हती

फिलोमिनाला हॉटेलातली नोकरी मिळाली नाही ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी बरोबर उलटं सांगितलं होतं, आणि तेही भरवर्गात, ती समोर बसलेली असताना.

मी अंधेरी पूर्वेला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचो. खाली पिठाची गिरणी, वर आमचा क्लास. दळण सुरू झालं की फळ्यावर बारीक पीठ बसायचं आणि खडूची बचत व्हायची. पाटीवर 'फाडफाड इंग्रजी, खात्रीने' असं रंगवलेलं होतं. खात्री कसली, हे कोणी विचारत नसे. मालक कारखानीस सर पूर्वी टायपिंग शिकवत. टायपिंगला मशीन लागतं, मशीनला तेलपाणी लागतं. इंग्रजीला नुसता मास्तर लागतो आणि तो स्वस्तात मिळतो, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. तो स्वस्त मास्तर म्हणजे मी.

ग्रामर म्हणजे आमच्याकडे गाळलेल्या जागा भरा. कॉम्प्रिहेन्शन म्हणजे उतारा वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. उतारा समजलाच पाहिजे असं काही नव्हतं. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, ही युक्ती मीच शिकवायचो. उतारा मधमाश्यांवर असो की धरणांवर, मुलं तो न वाचता पैकीच्या पैकी मार्क मिळवत. याला मी शिकवणं म्हणत असे. मग लिसनिंग. टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि काय ऐकलं ते सांगायचं. कॅसेटवर आवाज माझाच. मी त्यात इतकं सावकाश आणि इतकं तोंड वासून बोललो होतो, की कोणी इंग्रज खरंच तसा बोलत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं.

कॅसेट संपली की मी विचारायचो, "कोणाला समजलं नाही?" ज्याचा हात वर होईल तो दुसऱ्या दिवसापासून पार्टिशनच्या पलीकडे, 'बेसिक'मध्ये. ही कारखानीस सरांची पद्धत. बेसिकमध्ये शाळकरी पोरांच्या मांडीला मांडी लावून ए फॉर ॲपलपासून सुरुवात. नोकरीधंद्याच्या वयाच्या माणसांना तिथे बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यामुळे हात कधी वर होत नसे. सगळ्या माना डोलायच्या. त्या डोलणाऱ्या माना पाहून मी खूश व्हायचो.

शिवाय माझी स्वतःची एक शिकवण होती. टेलिफोनवर परत विचारायचं नाही. परत विचारलं की समोरचा ओळखतो, पार्टी मराठी मीडियमची आहे. 'सर्टनली सर, थँक यू सर' म्हणायचं आणि अंदाजाने पुढे जायचं. हे मी मोठ्या ऐटीत सांगायचो.

फिलोमिना मरोळकडच्या गावठाणातली. घरात मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, शाळा मराठी. पण ती फ्रॉक घालायची आणि आडनाव परेरा. कारखानीस सरांनी तिला पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसवलं, म्हणजे चौकशीला येणाऱ्यांना दारातून ती दिसावी. "बघा, कशा कशा मुली येतात आमच्याकडे," असं ते लोकांना सांगत. तिला इंग्रजी कितपत येतं हे तिला कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

एकदा क्लास सुटल्यावर ती मागे थांबली.

"सर, टेप परत एकदा लावाल? माझ्यापुरती?"

"तुला कशाला गं? तुमच्या घरी तर इंग्रजीच चालत असेल."

बॅचमधल्या दोघी दारात होत्या, त्या हसल्या. फिलोमिनाही हसली आणि निघून गेली. मला माझा विनोद आवडला होता.

तिच्या वडिलांची भातशेती एका कारखान्याच्या जागेत गेली होती. ती औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायची, टेंपररी. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली होती, परमनंट. ही नोकरी लागली तर घराची घडी बसणार होती. क्लासतर्फे तिलाच पाठवायचं ठरलं, आणि सोबत मला, कारण तिला नोकरी लागली की तिचा फोटो पाटीशेजारी लावायचा होता.

टेस्ट झाल्यावर ऑपरेटरच्या सुपरवायझर मिसेस वागळे यांनी मला आत बोलावलं. फिलोमिना बाहेर बाकावर बसली होती.

"साटम सर, ही तुमची विद्यार्थिनी?"

"हो. आमची बेस्ट."

"बेस्ट?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मी पलीकडच्या खोलीतून फोन केला. पाहुणा घाईत बोलतो तशी बोलले, मुद्दाम. सामान विमानतळावर राहिलंय, गाडी पाठवा, असा निरोप दिला. ही म्हणाली, सर्टनली मॅडम. आणि लिहिलंय काय, तर कोणी मिस्टर ब्राऊन उद्या चहाला येणार आहेत. हे ब्राऊन कोण हो?"

ब्राऊन माझ्या कॅसेटवरचे. तिने तो निरोप पाठ केला होता.

"घाबरली असेल," मी म्हणालो.

"घाबरू दे की. माझ्याकडे सगळ्याच घाबरतात. पण परत विचारावं ना? इथे अरब येतात, जपानी येतात, मला तरी कुठे पहिल्या फटक्यात कळतं? मागे तुमच्याकडची एक आली होती, तीही अशीच, सर्टनली सर्टनली करत बसली." मग त्या टेबलावर पुढे वाकल्या. "खरं सांगा, तुम्हीच असं शिकवता का? तसं असेल तर तिची चूक नाही. आवाज छान आहे मुलीचा. मी उद्या परत टेस्ट घेते."

एक 'हो' म्हणायचं होतं. मी काय म्हणालो ते आजही मला शब्दन्‌शब्द आठवतं. "छे, आम्ही विचारायलाच शिकवतो. तिचीच प्रॅक्टिस कमी पडली."

"मग राहिलं," मिसेस वागळे म्हणाल्या आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी कारखानीस सर वर्गात आले.

"काय झालं हो साटम? फोटो काढायचा ना?"

"नाही लागलं. घरी मेहनत नाही घेतली तिने."

"मग बेसिकला बसवा. आपल्या नावाची वाट लागते."

फिलोमिनाने पर्स उचलली आणि जिना उतरून गेली. मी टेप सुरू केली. मिस्टर ब्राऊन चहाला आले. माना डोलल्या.

मला झोप लागेना वगैरे मी म्हणणार नाही, झोप लागत होती. पण मला त्या माना बघवेनाशा झाल्या. एक दिवस मी उताऱ्याऐवजी गिरणीचं नाव आणि रेशनचा भाव इंग्रजीत भरभर बोललो, अर्थ काही लागू नये असं. विचारलं, समजलं? सगळ्यांनी मान हलवली. विद्यार्थ्याने मान हलवली की त्याला मान आहे एवढंच सिद्ध होतं. हे कळायला मला फार वेळ लागला होता, आणि तो वेळ दुसऱ्याच्या खिशातून गेला होता.

मी हॉटेलात गेलो. मिसेस वागळेंना खरं सांगितलं.

"आता सांगताय?" त्या म्हणाल्या. "जागा भरली. तुम्हाला मास्तर कोणी केलं हो?"

त्या रविवारी फिलोमिनाच्या घरी गेलो. ती पडवीत भावाच्या शर्टाला बटण लावत बसली होती. आईने चहा ठेवते म्हटलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या बाई परत टेस्ट घेणार होत्या?"

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

तिने दोरा दाताने तोडला. "मी तर समजले, मलाच जमत नाही. नाद सोडला मी इंग्रजीचा."

"मी माफी मागायला आलोय, फिलोमिना."

"इथे? इथे आईशिवाय कोण आहे? ती मला कधी मठ्ठ म्हणाली नाही. मठ्ठ तुम्ही केलंत, तिकडे वर्गात. तिकडे बोला ना."

"तू येशील?"

"येईन. पण बसणार नाही. तुमचं होऊ दे, मग जाईन."

पुढचा हिशोब थोडक्यात सांगतो. हॉटेलची नोकरी गेली ती गेलीच, फिलोमिना लेबलं लावतच राहिली. वर्गात माफी मागितली त्याच आठवड्यात कारखानीस सरांनी मला काढलं. आता मी मुलुंडला दुसऱ्या क्लासमध्ये शिकवतो. तिथे पहिला आठवडा फक्त 'समजलं नाही, परत सांगा' एवढंच म्हणायला लावतो. पालक कुरकुरतात की एवढ्यासाठी क्लास लावला का. हो, एवढ्यासाठीच.

माफीच्या दिवशी फिलोमिना ठरल्या वेळी क्लासला आली आणि पार्टिशनपाशी उभी राहिली. मी टेप बंद केली. केबिनमधून कारखानीस सर म्हणाले, "साटम, काय नाटक लावलंय? बाहेर चौकशीवाले बसलेत."

"बसू दे सर. त्यांनाही ऐकू दे."

मग मी पार्टिशनकडे वळून मराठीतच बोललो. "फिलोमिना, परत विचारू नकोस असं मी तुला शिकवलं, म्हणून तू नापास झालीस. तुला दुसरी संधी मिळत होती, ती मी खोटं बोलून घालवली. तुझी मेहनत कमी पडली नव्हती. टेप परत लावा असं तूच एकटीने मला सांगितलं होतंस, आणि मी तुझी चेष्टा केली. मी तुझी माफी मागतो."