पारासमोरून जाणारी सायकल
संत्र्याला बहर आला, की त्या वासासरशी मला मोर्शीकडचा सातपुड्याच्या पायथ्याचा कच्चा रस्ता आठवतो. दोन्ही बाजूंना बागा, मधूनच पळस, आणि एखादी बैलगाडी दिसली तर दिसली. जंगलखात्याच्या साहेबाची मडम विलायतेला निघाली, तेव्हा वडिलांनी तिची सायकल माझ्यासाठी घेतली, आणि पुढच्या गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला मी तिच्यावरून निघाले. त्या गावात पारावर म्हातारी मंडळी बसलेली असत. त्यांच्यासमोरून जाताना बायकांनी चपला काढून हातात घ्यायच्या, अशी रीत होती. मी उतारावरून खडखडत आले, तशी पाटलांनी काठी आपटली. "ए पोरी, उतर खाली! चपला काहून नाई काढल्या?" मी तिथूनच ओरडले, "चपला जमिनीले लागूनच नाई राह्यल्या, तं काढू कायले?" संध्याकाळी पाटलांचा निरोप घरी आला : पोरीला आवरा, नाहीतर आमच्या मुली शाळेत येणार नाहीत. वडील म्हणाले, "सायकल तुही हाय, तूच ठरव." दुसऱ्या दिवशी मी घंटी वाजवत पारासमोरून गेले. मुलीही आल्या, त्यांना सायकल पाहायची होती. खरं म्हणजे पहिल्या दिवशी मला सायकलवरून उतरायलाच येत नव्हतं. पार ओलांडून पुढच्या वळणावर बोरीच्या काट्यांत शिरले, तेव्हा थांबले. उतरायला मी नंतर शिकले. त्या पारासमोर मात्र आजवर उतरलेले नाही.