माझ्या केसांतलं ऊन

मस्कतला निघाले त्या दिवशी आईने माझ्या डोक्यावर इतकं खोबरेल ओतलं होतं, की विमानात शेजारची बाई हळूच पलीकडे सरकली. कोरगावच्या घरासमोर गाडी उभी, भाऊ बॅगेला दोरी आवळतोय, नवाकोरा नवरा घड्याळ बघतोय, आणि मी लग्न झालेली बाई सोप्यावर मान खाली घालून बसलेली. "थंय तुका तेल कोण लावतलो?" एवढंच आई म्हणाली. मला मात्र नव्या ड्रेसची कॉलर तेलकट झाली याचंच दुःख.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना वाटतं, आखातात गेलेलं माणूस सुखात लोळतं. जे गेलात त्यांना ठाऊक आहे, सुरुवातीचे महिने एसीची घरघर ऐकण्यात जातात. कंटाळून मी आमच्याच इमारतीतल्या सलूनमध्ये जाऊन बसू लागले. बसता बसता टॉवेलांच्या घड्या घालू लागले, आणि मालकीणबाईंनी एक दिवस हातात ब्रश दिला. मस्कतचे माझ्यावरचे उपकार तिथून सुरू होतात.

गिऱ्हाइकांचे केस बहुतेक आपल्यासारखे, काळेभोर. त्यांना हायलाइट्स हवे असत, पण केलेत असं दिसायला नको असे. माझा पहिला प्रयोग माझ्याच डोक्यावर झाला. केस नारळाच्या सोडणासारखे पिंगट, राठ निघाले. नवऱ्याने दार उघडून "कोण हवंय?" असं विचारलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मग नीट शिकले. काळ्या केसांना एकदम सोनेरी करायला जाऊ नये. मूळ रंगापेक्षा जरासाच उजळ, कॉफीचा रंग शोभतो. बटा अगदी बारीक घ्यायच्या, रंग मुळापासून न लावता थोडा खाली, चेहऱ्याभोवती किंचित जास्त, आतल्या केसांना हात लावायचा नाही. "ऊन कुठे पडेल ते बघ," मालकीणबाई म्हणत. ते मी बघितलेलंच होतं. काजूच्या दिवसांत आमच्या डोंगरावर बोंडू वेचणाऱ्या बायकांचे केस नेमके तिथेच तांबूस होतात. पुढे माझा हात बसला, पण स्वतःच्या डोक्याला पुन्हा ब्रश लावायचं धाडस झालं ते पांढरे केस डोकावू लागल्यावर. या वेळी मात्र इतकं बेमालूम जमलं, की मी लिफ्टच्या आरशातही स्वतःकडे बघून हसत असे.

तशीच गेल्या चवथीला घरी गेले. आता विमान मोपाच्या नव्या विमानतळावर, आपल्याच पेडणे तालुक्यात उतरतं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत केस विस्कटायलाही वेळ मिळत नाही. आईने दारातच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"पार्लरात काम करतंय म्हणतंस, मगे ह्ये केस उन्हान कशे करपले?"

मी हसले. फॅशन आहे म्हटलं. सलूनचे फोटो दाखवले.

"उन्हात काम करताना फोटो कोण काढता?" आई म्हणाली. तिच्या जगात केस असे दोनच कारणांनी होतात: उन्हातली मजुरी, आणि तेल लावायला कुणी नसणं. जावयाची नोकरी गेली, मुलगी कुठल्यातरी बांधकामावर राबते आणि आपल्याला गोड गोड सांगतात, असं तिने ठरवून टाकलं. गणपती पोचवल्यावर बघते तर ती माझ्या बॅगेतले कपडे काढून आपल्या कपाटात रचत होती.

"आता परत जावचां नाय. हंय दोन घास आसत."

ती रागावलेली असती तर भांडले असते. ती शांतपणे घड्या घालत होती. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात भावाची बायको पुढे झाली. "वन्सनू, माझे करा. आईंच्या डोळ्यांसमोर."

अंगणात खुर्ची मांडली. आई समोर परीक्षकासारखी बसली. मी वहिनीच्या बारीक बटा रंग लावून फॉइलमध्ये गुंडाळत गेले.

"पानात गुंडाळून पातोळ्यो उकडतंस काय गो?"

"हलू नका वहिनी," मी म्हटलं, कारण आईच्या वाक्यावर वहिनी गदागदा हलत होती.

केस धुऊन, वाळवून वहिनी उन्हात उभी राहिली. आईने तिची बट धरली, मग माझी. पुन्हा तिची.

"ह्येचे लोक पैशे दितत?"

"होय."

"करपल्यासारखां दिसाक?"

"होय गो आई."

ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. "माका इतके दिस घास गोड लागाक नाय," म्हणाली. मग उठून माझी बॅग स्वतःच भरू लागली.

तरी तिला पुरतं पटलेलं नाही. हल्ली व्हिडिओ कॉलवर मी 'सगळं बरं आहे' म्हटलं, की ती म्हणते, "उजेडात बस बघूया." मी मुकाट्याने खुर्ची बाल्कनीत ओढते. शेजारी बघतात, भात खाली लागतो, पण मान वळवून मी तिला दोन्ही बाजू दाखवते. मस्कतमध्ये माझं घर आहे, काम आहे, माणसं आहेत, आणि ती सगळी माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. कोरगावला एक बाई आहे, ती ठेवत नाही. देवा, तिला माझं कधी पटू नये.