पूजेचं काडतूस

बाबांना आयर्लंडला बोलवायचं म्हणजे आधी दोन महिने मी कागदपत्रांत दमायचं, मग तीन महिने त्यांनी इथे कंटाळायचं, आणि ते गेले की उरलेलं वर्ष मी काळजी करायची. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. व्हिसा मिळतो तीनच महिन्यांचा. बाकीचे नऊ महिने ते पुण्यात दोन खोल्यांत एकटे, हृदयाची औषधं वेळेवर घेतो असं फोनवर शपथेवर सांगत.

पहिल्या दोन खेपांना ते नुसते खिडकीत बसून होते. मी सँट्रीला ऑफिसात, नवरा आठवडाभर कॉर्कला, मुलगी शाळेत. मग बाबा घासलेली भांडी पुन्हा घासायचे, कुकरची शिट्टी उघडून साफ करायचे, दारांच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावायचे. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं. संध्याकाळी ब्लँचर्डस्टाउनच्या बसमधून उतरून मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, ''परतीचं तिकीट अलीकडे करून मिळतं का गं?'' हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नसायची मी. रडूही यायचं आणि संतापही यायचा. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी दर वर्षी यावं आणि यावंसं वाटून यावं. दुसरं त्यांच्याकडून काही मागण्याचं माझं वय राहिलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एका शनिवारी ते मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारच्या लाकडी शेडमधून खडखड असा आवाज येत होता. मी तो आवाज बरीच वर्षं ऐकत आले होते आणि तिकडे यंत्रावर कपडे धुतात असं धरून चालले होते. बाबांनी हातातला टॉवेल तसाच दोरीवर टाकला आणि कुंपणाशी जाऊन उभे राहिले. ''पितळ आहे,'' ते म्हणाले. ''पितळ घोळतायत.''

शेजारचे आजोबा एकटे राहतात. उमेदीची वर्षं कॅनडात सुतारकाम करण्यात गेली, म्हातारपणी परत आले. त्यांच्याकडे परवान्याची एक रायफल आहे आणि रविवारी ते दूरच्या रेंजवर जाऊन कागदाच्या निशाण्यांवर गोळ्या झाडतात. कॅनडात ते, तिथल्या पुष्कळ नेमबाजांसारखे, आपली काडतुसं घरीच भरायचे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उरते, ती साफ करायची, फुगलेली असते ती दाबून मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. आपल्या हाताचं काडतूस नेम चुकू देत नाही म्हणतात. त्यासाठीचा सगळा पसारा त्यांनी बोटीनं इकडे आणला होता. पण इथला कायदा वेगळा. घरी टोप्या आणि दारू ठेवायला साध्यासुध्या माणसाला परवानगी मिळत नाही. मग ते काय करतात, तर तयार काडतुसं विकत आणतात, रेंजवर झाडतात, रिकाम्या पुंगळ्या खिशात घालून घरी आणतात आणि दारू सोडून बाकी सगळं करत बसतात.

आणि आमचे बाबा म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात घालवलेला माणूस. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

त्या दिवसापासून बाबा सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जायला लागले. मी एकदा बघायला गेले. बाकावर घट्ट बसवलेला लोखंडी हँडप्रेस, लांब दांड्याचा. त्यात बसवायच्या डाय, म्हणजे पुंगळी मापात दाबायचे साचे, प्रत्येक आपल्या डबीत. मक्याच्या कणसांचा भुसा भरलेला एक ड्रम, तो फिरायला लागला की आत पुंगळ्या घोळून लखलखीत व्हायच्या. नाजूक तराजू, पारडं रिकामं. दारूचं मापसुद्धा जागच्या जागी, रिकामं, धूळ पुसलेलं. बाबा व्हर्नियर धरून एकेक पुंगळी मोजत होते. आजोबा दांडा ओढत होते. बोलणं असं काही नव्हतंच. बाबांना कारखान्यातलं इंग्रजी येतं आणि आजोबांचे उच्चार मलाही धड कळत नाहीत. आजोबा पुंगळी पुढे करायचे, बाबा मोजायचे. जमली की आजोबा ''ग्रँड'' म्हणायचे. नाही जमली की बाबा ''रिजेक्ट'' म्हणून डब्यात टाकायचे. दिवसभर ग्रँड आणि रिजेक्ट. एवढ्यावर दोन माणसांची इतकी गट्टी जमलेली मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला थोडा मत्सरही वाटला.

शेवटी दारूविना पुंगळीवर गोळी दाबून ते नकली काडतूस तयार करायचे. आजोबा त्याच्या पोटाला ड्रिलनं भोक पाडायचे. असं भोक म्हणजे हे रिकामं आहे, कुणी घाबरू नये, याची खूण. बाबांना ही शिस्त फार आवडली होती.

त्या वर्षी तिकिटाची गोष्ट निघाली नाही. पुढच्या वर्षी तर पुण्याहून निघायच्या आधीच ते फोनवर म्हणाले, ''यंदा खंडेनवमी तिकडे येतेय बरं का.'' मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच पायरीवर बसले.

खंडेनवमीला त्यांनी शेडमध्ये पूजा मांडली. झेंडू मिळाला नाही, म्हणून मी सुपरमार्केटातून नारिंगी शेवंती आणली. हँडप्रेसला हार, तराजूला हळदकुंकू. मी उदबत्ती काढली तर बाबा माझ्यावर खेकसले. ''दारूखात्यात उदबत्ती लावतात? अक्कल आहे का?'' मी म्हटलं, इथे दारूचा कण नाही बाबा. ते म्हणाले, ''खातं ते खातं.'' आजोबा टोपी काढून, चर्चमध्ये उभं राहावं तसे बाजूला उभे होते. पूजा झाल्यावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला आणि ग्रँड म्हणाले.

घरीही पाटावर हत्यारं मांडायची होती. माझा लॅपटॉप, मुलीची हॉकी स्टिक, स्वयंपाकघरातली विळी. बाबांना त्यात एक काडतूस हवं होतं. पण शेडमधल्या प्रत्येक काडतुसाला भोक, आणि खंडित वस्तू पूजेला चालत नाही. मूर्तीचा टवका उडाला तर आपण ती विसर्जन करतो, मग हे भोक पाडलेलं पाटावर कसं ठेवायचं? म्हणून त्यांनी एक बिनभोकाचं तयार केलं. मागे वापरलेली टोपी असते, तिच्यावर बंदुकीच्या घोड्याचा ठोका उमटलेला असतो. तो खळगासुद्धा त्यांनी आतून ठोकून सपाट केला. आत दारू नाही, टोपी मेलेली, पण वरून बघाल तर कोरं करकरीत, आत्ता कारखान्यातून आल्यासारखं. शेवंतीच्या फुलावर ते ठेवून बाबा बराच वेळ बघत बसले होते.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी निघायचं होतं. मीही रजा काढून त्यांना पोचवायला पुण्यापर्यंत जाणार होते. विमानतळावर सुरक्षा तपासणीत बाबांची पिशवी पट्ट्यावरून आली ती पलीकडच्या बाजूला वळली. हातमोजे घातलेल्या मुलीनं आईचं तांब्याचं ताम्हन काढलं, कुंकवाची डबी काढली, सुपारी काढली, आणि मग ते काडतूस दोन बोटांत धरून उभी राहिली. तिचा चेहरा बदलला.

बाबांनी शेडमध्ये परत द्यायचं म्हणून ते पूजेच्या सामानात ठेवलं होतं. राहून गेलं. एवढंच.

दोन गार्डा आले. म्हणजे इथले पोलीस. त्यांनी शांतपणे विचारलं, ही पिशवी कुणाची? मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरले, तळवे वर, पाय किंचित फाकलेले. कुणी सांगितलं नव्हतं. तो गार्डासुद्धा जरा गोंधळला आणि म्हणाला, ''नाही नाही, त्याची गरज नाही.'' बाबांना ते कळलं नाही, की ऐकूच आलं नाही. ते तसेच उभे राहिले. कारखान्याच्या गेटवर नोकरीभर त्यांची रोज झडती व्हायची. ते असे उभे राहत असणार, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

एका छोट्या खोलीत बसवलं आम्हाला. बाबा म्हणाले, ''आय मेड, सर. एम्प्टी. नो पावडर. डमी.'' कुठे केलंत? ''होम.'' आणि माझ्याकडे बघून मराठीत, ''त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याचा परवाना जाईल.''

मी घेतलं. शेडसकट सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय आणि भोक का चालत नाही, हे पोलिसाला इंग्रजीत समजावून सांगताना मला मध्येच इतका थकवा आला, की वाटलं, टेबलावर डोकं ठेवावं. गार्डानं ऐकून घेतलं. आमच्या भागातल्या ठाण्याला फोन केला, तिथून कुणी तरी शेजारच्या आजोबांकडे गेलं. तासाभरानं तो हसू दाबत परत आला. तिकडे आजोबा म्हणत होते, ते मीच केलं, त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही. इकडे बाबा म्हणत होते, मी केलं. ''दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते मला शोधायचं नाही,'' गार्डा म्हणाला. काडतूस त्यांनी ठेवून घेतलं, आत काही नाही याची खात्री करून घेतली, आम्हाला दुसऱ्या रांगेनं आत सोडलं. विमान मिळालं. आजोबांचा परवानाही शाबूत राहिला, एवढंच सांगितलं, की गोळ्या कुलपात ठेवा. निघताना गार्डानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, काळजी करू नका, पुढच्या वर्षी या, असं म्हटलं.

विमानात बाबा जेवले नाहीत. मी म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं बाबा. ते मांडीवरच्या पिशवीतलं सामान पुन्हा पुन्हा तपासत होते. पुण्यात पोचल्यावरही तेच. मी परत आले, कामाला जुंपले गेले, आणि यंदाच्या उन्हाळ्यासाठी व्हिसाचे कागद फेब्रुवारीतच गोळा करायला घेतले. फोनवर त्यांना सही करून पाठवायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ''नको.''

''अहो बाबा, काही नोंद नाही झालेली. त्या लोकांनी किती नीट वागवलं आपल्याला!''

''वागवलं ना. म्हणूनच.'' मग म्हणाले, ''आमच्या कारखान्यात झडतीत ज्याच्या खिशात काही सापडलं तो दुसऱ्या दिवशी गेटवर दिसायचा नाही. मुद्दाम नेलंय का चुकून, विचारत नसत. माझ्या हाताखालची दोन माणसं मी तशी घालवलीत. दोघंही म्हणाले होते, राहून गेलं. मी नाही ऐकलं. आता माझं राहून गेलं, तर मला खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, पुढच्या वर्षी या?''

मी म्हटलं, हे घर आहे बाबा, कारखाना नाही. ते म्हणाले, ''तू दमलीयस. झोप आता.'' आणि फोन ठेवला.

मी रागावले, रडले, भावाकरवी निरोप धाडले, एक महिना फोनच केला नाही. काही उपयोग झाला नाही. ते आपलं औषध वेळेवर घेतात, मजेत आहेत.

गेल्या आठवड्यात मी कचऱ्याचे डबे बाहेर काढत होते. आजोबा कुंपणाशी आले. हिवाळाभर रेंजवरच्या त्यांच्या आणि इतरांच्याही पुंगळ्या त्यांनी जमवून ठेवल्यात, एकट्याला मोजवत नाहीत म्हणाले, नजर राहिली नाही. मग विचारलं, ''हिमसेल्फ कधी येतोय?'' इथे घरातल्या कर्त्या माणसाला असं म्हणतात.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी शेडमध्ये बाबांसाठी पाठीची खुर्ची आणून ठेवली होती, तिच्या गादीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं, आणि ती दाखवायला ते परत जाऊन शेडचं दार उघडून उभे होते.

''येतील,'' मी म्हटलं. ''कागद थोडे अडकलेत.''

''ग्रँड,'' ते म्हणाले. मी आत आले आणि दाराला पाठ टेकून तशीच उभी राहिले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा विचारतील, आणि मला पुन्हा हेच सांगावं लागणार आहे.