नावं पुसणारे पितळनाना

माणसं बारीक कामाला बसली की चष्मा लावतात. आमचे पितळनाना काढायचे. चष्मा खिशात, मांडीवर जुना हंडा, हातात कानस, आणि हंड्यावर कोरलेलं कुणाचं तरी नाव घासून काढणं चालू. धुळ्याच्या त्या बोळात माझं ब्लाउजपिसांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. दिवसभर ती खरखर कानात. गिऱ्हाईक रंग सांगायचं आणि मी "काय?" म्हणून ओरडायची. "नाना, बास की आता, दात आंबले माझे!" म्हटलं की ते हसायचे आणि पुन्हा घासायला लागायचे.

दुकान जुन्या वस्तूंचं. समया, लामणदिवे, पानाचे डबे, अडकित्ते, झोपाळ्याच्या पितळी साखळ्या. कुठे भावाभावांत वाटण्या झाल्या, कुठे घर पाडून फ्लॅट उभा राहिला, की तिथला माल फिरत फिरत नानांकडे यायचा आणि हायवेवरच्या हॉटेलांत नाहीतर नाशिककडच्या बंगल्यांत जायचा. बंगल्यातल्या बाया घंगाळात पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर घंगाळात अंग धुतलं. एक पाकळी कुणी टाकली नाही बिचाऱ्याला!"

आता आपल्याकडे भांडं द्यायचं म्हणजे नाव घातल्याशिवाय देत नाहीत. लग्नातलं असो की बारशातलं, कुणी कुणाला दिलं ते वर कोरलेलं असणारच. नाना ते नाव पहिल्याच दिवशी काढायचे, माल मांडायच्या आधी. एकदा पाचोऱ्याची एक बाई दुकानासमोर नुसतीच घुटमळत होती. मी तिला आत बोलावलं तर रडायलाच लागली. सासूचा हंडा विकला होता तिनं, आणि सगळ्या गावाला नाव वाचायला मिळेल या भीतीनं झोप उडाली होती. नानांनी तिच्यापुढे सगळे हंडे मांडले. "ओळख बरं तुझा कोणता." तिला ओळखता येईना. चहा पिऊन हलकी होऊन गेली बिचारी.

नाव दुसऱ्यानं वाचायचं नाही, तसं आपणही वाचायचं नाही, असा त्यांचा हट्ट. चष्मा काढायचा तो म्हणूनच. "वाची लिधं का हात चालत नही, ताई," असं म्हणायचे, म्हणजे एकदा वाचलं की हात चालत नाही. एरवी माझ्याशी शहरातली मराठी बोलायचे, पण मनातलं काही निघालं की अहिराणीच. पुण्याचे एक साहेब मागे लागले होते, नावासकट भांडी द्या, वाटेल ती किंमत देतो. नानांनी त्यांना वाटेला लावलं. मी चिडले. "अहो, घरबसल्या लक्ष्मी आली होती, नाना! कुणाची कोण ती माणसं, मेली तरी असतील." ते नुसते घासत राहिले.

नानांची एकुलती एक लेक शालू रावेरला दिली होती. केळीवाल्यांचं मोठं घर. मी या बोळात येण्याआधीच ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालायची वेळ आली तेव्हा ही पोर म्हणे हटून बसली, माझं नाव मीच लिहिणार. तिनं खडूनं प्रत्येक भांड्यावर नाव लिहिलं आणि कोरणाऱ्यानं त्यावरून छिन्नी चालवली. शाळेच्या वह्या लग्नानंतर रद्दीत गेल्या होत्या. तिचं अक्षर जगात उरलं होतं ते त्या भांड्यांवर. जावयानं दुसरं लग्न केलं तरी नाना दरवर्षी दिवाळीनंतर रावेरला जायचे, आणि एक तांब्या तरी द्या म्हणून विनवायचे. विहीणबाई म्हणायच्या, "दिलेलं कुणी परत मागतं का?" परत आले की दोन दिवस कानस बंद. त्या दिवसांत मला ती शांतता खायला उठायची.

रावेरचा एक भंगारवाला त्यांना माल पुरवायचा. चांगला माणूस. एका सकाळी तो आला, चहा घेतला आणि सहज म्हणाला, "नाना, मागच्या खेपेचा माल तुमच्या व्याह्यांचाच होता बरं. नवा बंगला बांधताहेत, जुनं सगळं काढलं. तुम्हाला कळलंच असेल म्हणा, नावं होती की त्याच्यावर."

मी दारातच उभी होते. नाना उठले. व्याह्यांच्या घरचं भांडं बाजारात येईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्या घरात कशाची कमी होती? फळीवरून त्यांनी त्या खेपेतली परात उतरवली, हंडा उतरवला, दोन तांबे उतरवले. चष्मा लावला. एकेक भांडं उन्हात नेऊन तिरकं धरून पाहिलं. मीही पाहिलं. कुठे एखादी रेघ, एखादा ठिपका राहिला असेल म्हणून बोटं फिरवली. काही नव्हतं. हात फार साफ होता हो त्यांचा. भंगारवाला रडवेला होऊन उभा, आणि मी त्या गरिबावरच ओरडले, "आधी सांगता येत नव्हतं का रे, मेल्या!"

नाना खाली बसले. "मन्ही आंडेरनं नाव मीच पुशी टाकं," म्हणाले. माझ्या लेकीचं नाव मीच पुसलं. त्यानंतर त्यांनी कानस हातात धरली नाही. मी म्हटलं, पुन्हा कोरून घेऊ. ते म्हणाले, "कुणाच्या अक्षरात?" दुकानातला माल त्यांनी नाशिकच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकला. शालूची भांडी ठेवली, पण त्यांत पाणीसुद्धा कधी भरलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते सिव्हिलला होते. मी डबा घेऊन जायची. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "ताई, तू शालूचं अक्षर पाहिलं होतंस ना? मी घासताना कधी तुझी नजर गेली असेल."

मी कुठे पाहिलं होतं? पण त्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. "पाहिलं होतं की, नाना. गोल, मोत्यासारखं. जरा तिरपं."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"तिरपं नही," म्हणाले. "सरय व्हतं."

आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. डबा तसाच राहिला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी गेले. सरळ होतं, एवढंच आता मला माहीत आहे.